पंधरावं नाव

विहिरीचं पाणी तळाला गेलं, तेव्हा रोपवाटिकेत माणसं मोजायला सुरुवात झाली. तोवर कुणी मोजत नव्हतं. सकाळी फाटक उघडलं की जो तो आपल्या जागी जाऊन बसायचा, आणि कोण आलं नाही हे त्याच्या रिकाम्या पोत्यावरून कळायचं.

सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. पाइप सकाळी पंधरा मिनिटं चालायचा, संध्याकाळी पंधरा. पाणीवाली तेवढ्या वेळात वाफ्यांमधून जवळजवळ पळत सुटायची, आणि ती शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत पाइप नुसता खोकायला लागलेला असायचा. मालकाचे गुडघे गेले होते. त्याने कारभार जावयाच्या हाती दिला आणि स्वतः ओसरीवरच्या खुर्चीत बसून राहिला. जावई शहरातून आलेला. बूट घालून वाफ्यात उतरायचा आणि मग बूट पुसत बसायचा.

कलमवाला तिथे बावीस वर्षं होता. लिंबाचे डोळे भरणं हे त्याचं काम. जंगली खुंटाच्या सालीला चाकूच्या टोकाने चीर द्यायची, चांगल्या झाडाच्या काडीवरचा कोवळा डोळा त्या चिरेत अलगद बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. दिवसभर वाकून वाकून त्याच्या कमरेचा धनुष्यासारखा बाक झाला होता. "दिवसाला चारशे डोळे भरतो, पण स्वतःचा चष्मा बदलायला जात नाही," असं पाणीवाली त्याला तोंडावर म्हणायची. तो हसायचा. मालकाने हाक मारली की चाकू मिटून उठायचा, काय सांगतील त्याला मान हलवायचा, आणि परत येऊन बसायचा. बावीस वर्षांत त्याने मालकाला एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. या गोष्टीचा त्याला थोडा अभिमानही होता.

त्याच्या जागेपासून दहा पावलांवर, जाळीच्या सावलीत, त्याची मुलगी पिशव्या भरायची. वय सव्वीस. सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. लहानपणी शाळेने तिला दोनदा घेतलं आणि दोनदा घरी पाठवलं. मग ती रोज शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून आतल्या बाईंसारखे हातवारे करायची, रस्त्यावरच्या शेळ्यांना गप्प बसायला सांगायची. तेव्हा पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. डाउन सिंड्रोम हे शब्द तिच्या आईला पाठ होते, बापाच्या तोंडून ते कधी आले नव्हते. तो म्हणायचा, "आमची जरा तशी आहे." आणि ऐकणारा मान डोलवायचा.

मास्तरिणीचे हात आखूड, बोटं जाड, तळव्यावर एकच आडवी रेघ. त्या हातांनी ती काळी पिशवी फुगवायची, माती-खत-वाळूचं मिश्रण आत लोटायची, मूठ वळून दोनदा ठोकायची, आणि वर दोन बोटं जागा मोकळी सोडायची. ती जागा पाण्यासाठी. काठोकाठ भरलेल्या पिशवीवरून पाणी वाहून जातं, मुळापर्यंत पोचतच नाही. ही गोष्ट तिला कुणीतरी एकदा सांगितली होती आणि तिने ती आयुष्यभरासाठी धरून ठेवली होती. शेजारच्याची पिशवी जास्त भरली की ती बोट घालून मापायची आणि म्हणायची, "एकच बोट आहे. काढा." काढेपर्यंत हलायची नाही.

आठ वर्षं असं चाललं होतं.

एका गुरुवारी एक व्यापारी बागेसाठी लिंबाची रोपं बघायला येणार होता. मोठी मागणी होती, आणि अशा वर्षात तर देवासारखी. जावयाने सकाळपासून सगळ्यांना झाडायला लावलं. फुटके ट्रे मागे गेले, वाळलेली रोपं मागे गेली, गंजलेला ढकलगाडा मागे गेला. मग तो कलमवाल्यापाशी येऊन उभा राहिला.

"काका, हिला पण जरा मागे बसवा. पाहुणे जाईपर्यंत."

"कुणाला?"

"तुमच्या मुलीला. तसं काही नाही हो, उगाच विचारतात लोक. मग समजावत बसावं लागतं."

कलमवाल्याने चाकू मिटला आणि मान हलवली.

मागची खोली पत्र्याची. त्यात खताची पोती, फवारणीचे रिकामे डबे आणि आता ते फुटके ट्रे. त्याने एक पोतं अंथरलं आणि मास्तरिणीला सांगितलं, "इथे बस थोडा वेळ."

"पिशव्या?"

"नंतर भर."

"माझ्या चाळीस राहिल्यात."

"नंतर, म्हटलं ना."

व्यापारी अकराला येणार होता, तो दोनला आला. चहा झाला, फेरी झाली, परत चहा झाला. कलमवाला वाकून डोळे भरत राहिला, पण त्याचं सगळं लक्ष पाठीत होतं, त्या पत्र्याकडे. पाणी ठेवलंय का आत, हे त्याला आठवेना. उठून जावं तर जावई व्यापाऱ्याला घेऊन नेमका त्याच्याच वाफ्यात उभा. "हे आमचे कलमवाले. बावीस वर्षं झाली. शब्दाबाहेर नाहीत," जावई सांगत होता. व्यापारी म्हणाला, "वा."

गाडी फाटकाबाहेर पडली तसा तो मागे धावला. मास्तरीण पोत्यावर बसलेली होती. तोंड लालभडक, केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले. तिने वेळ घालवायला फुटके ट्रे एकात एक रचून ठेवले होते. जेवणाच्या डब्याला हात लावला नव्हता. दरवाजा कुणी बंद केलेला नव्हता. तिला बस म्हटलं होतं म्हणून ती बसली होती.

तिने त्याच्याकडे वर बघितलं.

"बाबा, माझं काय चुकलं?"

त्याने तिला हाताला धरून पाण्याच्या टाकीपाशी नेलं. ती तीन पेले प्यायली आणि चौथा डोक्यावर ओतून घेतला. पाणीवालीने ते पाहिलं.

संध्याकाळी फाटकापाशी जावयाने कलमवाल्याला पुन्हा गाठलं. "काका, विचार केला मी. पाण्याची ही तऱ्हा. माणसं कमी करायचीच आहेत. सोमवारपासून हिला नका आणू. तुमचं तसंच चालू राहील, काळजी नको."

कलमवाल्याने मान हलवली.

घरी त्याने पायातल्या चपला काढायच्या आत बायकोने ओळखलं. ती शिवणयंत्रावर बसली होती. मुलीच्या उकडलेल्या तोंडाकडे पाहून तिने यंत्र थांबवलं. तिने एकेक प्रश्न विचारत सगळं काढून घेतलं, आणि शेवटी म्हणाली, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?"

"म्हणजे मान हलवून आलात."

"अगं, त्यांनी इतकी वर्षं बसू दिलं तिला. उपकारच की."

"बसू दिलं?" तिने हातातलं कापड खाली ठेवलं. "आठ वर्षं ती तिथे बसत होती का? घरी आल्यावर तिची नखं मी साफ करते. मला सांगू नका बसत होती म्हणून."

मास्तरीण आतून आली. सकाळच्या थायरॉईडच्या गोळ्यांची पट्टी तिच्या हातात होती. राहिलेल्या गोळ्या तिने मोजल्या, आणि उद्याच्या डब्याची पिशवी दाराजवळ टांगून ठेवली.

"तू उद्या जायचंस," आई म्हणाली. "परवा मात्र आपण तिघं संस्थेत जाऊ." आणि नवऱ्याकडे वळली. "तिघं म्हणजे तीन."

संस्था म्हणजे मोठ्या गावातल्या पिठाच्या गिरणीवरची एक खोली. खाली जातं फिरू लागलं की वरची फरशी थरथरायची आणि चहाच्या पेल्यांवर पिठाचा पातळ थर बसायचा. महिन्यातून दोन शनिवारी तिथे डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे, मोठ्या माणसांचे घरचे जमायचे. कुणाला हृदयाच्या तपासणीसाठी डॉक्टरांची वेळ हवी असायची, कुणाला शाळेसाठी अर्ज, कुणाला नुसतं बोलायचं असायचं. मास्तरिणीची थायरॉईडची गोळी इथल्यामुळेच सुरू झाली होती. त्याआधी दोन वर्षं ती दुपारी पेंगायची आणि सगळे म्हणायचे, तशीच असतात ही मुलं. कलमवाल्याची बायको सात वर्षं नेमाने येत होती. तो आज पहिल्यांदा जिना चढत होता.

खोली चालवायच्या टपालवाल्या बाई. तीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटलेली, त्यामुळे प्रत्येकाचं घर ठाऊक आणि घरात काय शिजतंय तेही. त्यांचा मुलगा चाळिशीत गेला होता आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात बसून पाकिटांवर तिकिटं चिकटवायचा. तोही मास्तरिणीसारखाच.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कलमवाल्याला विचारलं, "हजेरीत तिचं नाव कितवं आहे?"

"हजेरीत नाही तिचं नाव."

"नाही म्हणजे?"

"ती माझ्याबरोबर येते. म्हणजे तसं ठरलं होतं तेव्हा. मीच म्हणालो होतो मालकांना, घरी एकटी कुठे ठेवू, बसू दे माझ्याजवळ. मग ती आपणहून पिशव्या भरायला लागली. वर्षाच्या शेवटी मालक माझ्या पगारात काहीतरी घालायचे."

"तिच्या हातात?"

"माझ्या."

कलमवाल्याची बायको भिंतीकडे बघत होती. हे तिलाही नव्याने कळत होतं. हजेरीत नाव असणारच, असं ती धरून चालली होती.

टपालवाल्या बाईंनी त्याला रागे भरलं नाही. भरलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे काढायला तिला आधी ठेवलेलंच नाही. हुशार आहे तुमच्या मालकांचा जावई, आज ना उद्या त्याच्या लक्षात येईल. पण कायदा आपल्या बाजूने आहे. ती अशी आहे या कारणाने तिला कामावरून दूर करता येत नाही, आणि आठ वर्षं काम करून घेऊन नाव न लावणं हा तर आणखी वेगळा घोळ. कामगार कचेरीत माझी ओळख आहे. तिथल्या साहेबांची पत्रं मीच टाकायचे. मात्र कचेरीत जायच्या आधी एक करायचं. सोमवारी तिला घेऊन जा, तिच्या जागी बसवा, आणि जावयाला सांगा, कारण लिहून द्या."

"लिहून?"

"तोंडी कारण वाऱ्यावर जातं. लिहायला बसलं की माणसाला स्वतःचंच वाचावं लागतं. पुष्कळांचा हात तिथेच अडतो."

"आणि मला काढलं तर?"

"तर तुमच्यासाठी पण कारण लिहून मागू."

कोपऱ्यातून त्यांचा मुलगा हसला. मास्तरीण त्याच्याशेजारी बसून एक तिकीट वाकडं लागलंय म्हणून त्याला दाखवत होती.

सोमवारी तिघंही फाटकात उभी राहिली. मास्तरीण कुणाची वाट न बघता आत गेली, आपलं पोतं झटकलं, बसली, आणि पिशवी फुगवली. कलमवाला ओसरीच्या पायरीशी गेला. बायको मागे उभी होती, एवढंच त्याला जाणवत होतं.

"जावईबापू, हिला का काढता ते लिहून द्या."

जावयाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"कारण. कागदावर."

"काका, काढायला ती कामावर होती कधी? हजेरीत दाखवा नाव."

"नाही नाव. ती चूक माझी." हे बोलताना कलमवाल्याची मान खाली गेली, पण पाय जागचे हलले नाहीत. "काम तिचं आहे. आठ वर्षांचं. इथल्या प्रत्येकाने बघितलंय."

पाणीवाली पाइप गुंडाळत होती. ती न विचारता म्हणाली, "मी बघितलंय."

मालक खुर्चीतून वाकून बघायला लागला. जावई हसला. "बरं, लिहायचंच तर लिहू की. हळू आहे ती. या वर्षी हळू माणूस परवडत नाही. हे कारण चालेल?"

"मोजून बघा मग," मागून मास्तरिणीची आई म्हणाली. "पण सगळ्यांच्या मोजा. एकटीच्या नाही."

पिशव्या भरणारे दहा जण होते. जावयाने शिट्टी वाजवून काम सुरू करवलं, जणू शर्यतच आहे. कलमवाला आपल्या वाफ्यात जाऊन बसला, पण त्या दिवशी त्याचे डोळे नीट बसले नाहीत. दोन काड्या हातातून निसटल्या आणि एकदा चाकू अंगठ्याला लागला. ऊन चढत गेलं. मास्तरीण आपल्या चालीने भरत होती. फुगव, लोट, ठोक, ठोक, माप. कुणी घाई केली म्हणून तिची चाल बदलत नव्हती. दुपारी ती नेहमीसारखी अर्धा तास आडवी झाली आणि आई तिला उठवायला गेली नाही. मध्येच ती शेजारच्याला म्हणाली, "एकच बोट आहे. काढा." शेजारचा रडवेला झाला. "अगं, आज तरी सोड." तिने सोडलं नाही.

पाच वाजता पाणीवालीने मोजलं आणि जावयाने लिहिलं. मास्तरीण सहावी आली.

"सहावी," जावई म्हणाला. "बघा. पहिली नाही, दुसरी नाही. मी काय म्हणत होतो?"

कलमवाल्याने अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी घट्ट केली. आपण बोलणार आहोत हे त्याला बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

"सातवा, आठवा, नववा, दहावा कोण ते पण वाचा."

जावयाने कागद खाली केला.

"वाचा की," पाणीवाली म्हणाली.

दहावा जावयाचा स्वतःचा चुलत भाऊ होता, दोन महिन्यांपूर्वी शहरातून आणलेला. तो पिशव्यांच्या ढिगामागे तोंड लपवून हसला. बाकीचेही हसले, आणि हसणं ओसरीपर्यंत पोचलं.

"तिला पहिलं यायची काही गरज नाही," कलमवाला म्हणाला. "मधल्यांत आहे ती. मधल्या माणसांना तुम्ही काढत नाही. मी पण मधलाच होतो सुरुवातीला. वर्षभर माझे निम्मे डोळे वाळले. मालकांनी काढलं नाही मला."

मालकाने खुर्चीचा हात चोळला. जावयाचा चेहरा आता तांबडा झाला होता. तो पायरी उतरून जवळ आला आणि आवाज खाली घेऊन बोलला, पण तिथे इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"काका, स्पष्ट बोलू का? गिऱ्हाईक येतं, ते रोपं बघायला येतं. समोर हे बघून त्याला कसंतरी होतं. चांगलं दिसत नाही. तुम्ही बाप आहात, तुम्हाला समजणार नाही."

"हे लिहा," कलमवाला म्हणाला.

"काय?"

"आत्ता बोललात ते. हे खरं कारण आहे. हेच लिहा, खाली सही करा. कागद मी कामगार कचेरीत देतो."

जावयाच्या हातात पेन होतं, कागद होता. त्याने दोन्ही तसंच धरून ठेवलं. मास्तरीण उठून आली होती. तिचे गुडघे मातीने भरलेले, मुठी अजून वळलेल्या. ती जावयासमोर उभी राहिली आणि त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, "मी मागे नाही बसणार. तिथे गरम होतं."

एवढंच. मग तिने टाकीवर जाऊन हात धुतले.

मालकाने हाक मारली. बावीस वर्षांची सवय. कलमवाल्याचे पाय आपोआप ओसरीकडे वळले. मालक म्हणाला, "अरे, घरातल्या घरात कशाला कचेरी? येऊ दे तिला पूर्वीसारखी. जावई पोरगा आहे, बोलून गेला."

पूर्वीसारखी. गुरुवारपर्यंत या शब्दावर कलमवाला दोन्ही हात जोडून घरी गेला असता. त्याने मागे वळून बायकोकडे पाहिलं नाही. पाहायची गरज पडली नाही.

"नाही, मालक."

म्हातारा दचकलाच. त्याने कानामागे हात नेला.

"पूर्वीसारखी नाही. हजेरीत नाव लावा. पगार तिच्या हातात द्या, बाकीच्यांना देता तसा. नाहीतर उद्यापासून मी पण येत नाही. लिंबाच्या काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवल्यात, दोन दिवस टिकतील. तेवढ्यात दुसरा कलमवाला बघा."

"धमकी देतोस?"

"डोळे मी भरतो, पिशव्या ती भरते. रिकाम्या पिशवीत डोळा कुठे भरू, तुम्हीच सांगा."

व्यापाऱ्याची मागणी, वाळत चाललेल्या काड्या, कामगार कचेरी, आणि समोर उभी असलेली दहा माणसं, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं. मग त्याने जावयाला म्हटलं, "हजेरीपट आण."

पटावर चौदा नावं होती. जावयाने पंधरावं घातलं. अक्षर मुद्दाम बारीक काढलं. कलमवाल्याची बायको पुढे आली, चष्मा लावून वाचलं, आणि म्हणाली, "आजची तारीख राहिली."

तारीख पडली.

त्याचा वचपा जावयाने काढलाच. दुसऱ्याच दिवशी कलमवाल्याला जाळीखालून काढून कडेच्या उघड्या वाफ्यात पाठवलं, जिथे नऊनंतर सावलीचं नाव नाही. "तिकडचे खुंट आधी तयार झालेत," असं कारण दिलं. कलमवाल्याने डोक्याला ओलं फडकं बांधलं आणि जाऊन बसला. संध्याकाळी त्याच्या मानेची साल निघायची. बायको तेल लावताना विचारायची, "याचं पण कारण लिहून मागू या का?" तो म्हणायचा, "मागू. आधी या काड्या संपू देत, वाळायला लागल्यात." ती म्हणायची, "लक्षात ठेवते." आणि खरंच ठेवायची. तिने टपालवाल्या बाईंना निरोप धाडला होता.

महिनाभराने तो व्यापारी पुन्हा आला, रोपं ठरवायला. जावयाने कुणाला मागे पाठवलं नाही. पण तो सतत व्यापारी आणि मास्तरीण यांच्यामध्ये उभा राहू बघत होता आणि त्यामुळे दोनदा पिशव्यांना अडखळला. व्यापाऱ्याने तिच्याकडे बघितलंही नाही. त्याला मुळं बघायची होती. त्याने एक रोप उचललं, पिशवी फाडली, मुळं झटकली, वास घेतला. मग दुसरं उचलायला तो सरळ ओळ ओलांडून निघाला.

"इथून नको," मास्तरीण म्हणाली. "तिकडून जा. पिशव्या आहेत."

जावयाने डोळे मिटून घेतले.

"बरं, ताई," व्यापारी म्हणाला, आणि तिकडून गेला. त्याने रोपं घेतली, पण हवी होती त्याच्या निम्मीच. बाकीच्यांना पाणी कमी पडलं होतं, म्हणाला, आणि ते खरं होतं. कडेच्या उन्हातून कलमवाल्याने हे सगळं पाहिलं. आपण महिन्यापूर्वी कशाला भीत होतो हे त्याला आठवायचा प्रयत्न करूनही नीट आठवेना. मग त्याला राग आला. जावयाचा आलाच, पण त्याहून जास्त त्या आठ वर्षांचा, आणि ती मान हलवत घालवलेल्या स्वतःचा. तो राग त्याने कुणावर काढला नाही, पण सोडूनही दिला नाही.

पुढच्या शनिवारी गिरणीवरची खोली भरली होती. बातमी पसरली होती. बेकरीत भट्टीवर काम करणारा एक बाप दोन गावं ओलांडून आला होता. त्याच्या मुलीला दुकानात पुढे बसू देत नाहीत, नुसते डबे घासायला देतात. एक आजी नातवाला शाळेने परत पाठवल्याचं पत्र घेऊन आली होती. टपालवाल्या बाई उभ्या राहिल्या.

"रोपवाटिकेत काय झालं ते सगळ्यांना ऐकायचंय. कलमवाले, तुम्ही सांगा."

कलमवाला उठला. त्याने घसा साफ केला. त्याने मनात दोनदा म्हणून पाहिलं होतं, कुठून सुरुवात करायची ते.

त्याच्या सदऱ्याला कुणीतरी खाली ओढलं.

"बाबा, तुम्ही बसा," मास्तरीण म्हणाली. "काम माझं आहे."

तो बसला.

ती खोलीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. पगारातून घेतलेल्या नव्या चपला तिच्या पायात होत्या. तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मागच्या रांगेत कुजबुजणाऱ्या दोघांकडे ते गप्प होईपर्यंत बघत राहिली. मग ती बोलायला लागली. तिची जीभ जड, शब्द जाडसर यायचे, आणि एक शब्द सापडेपर्यंत ती हवेत मूठ वळायची. पिशवी कशी भरतात ते तिने सांगितलं. दोन बोटं जागा का ठेवायची ते सांगितलं. पत्र्याच्या खोलीपाशी आली तेव्हा ती थांबली. मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. खाली जातं फिरत होतं. खोलीतल्या माणसांना तिचं थांबणं सहन होईना. पुढे बसलेल्या बेकरीवाल्याने, भल्या मनाने, वाक्य उचलून दिलं, "म्हणजे तुला खूप वाईट वाटलं, हो ना बाळा?"

कलमवाल्याचेही ओठ हलले होते. तेच वाक्य त्याच्याही तोंडाशी आलं होतं. त्याने ते गिळलं.

मास्तरिणीने बेकरीवाल्याकडे पाहिलं. तळवा त्याच्यासमोर धरला, एका आडव्या रेघेचा, मातीने कायमचा काळसर झालेला.

"थांबा," ती म्हणाली. "माझं झालं नाही अजून."

बेकरीवाला मागे सरकून बसला. सगळे थांबले. तिने तिला लागेल तेवढा वेळ घेतला.